एलईडी मासेमारीवर उपग्रहाची नजर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली येते. या पट्ट्यात परवान्याविना मासेमारी करणे गुन्हा आहे, आणि प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून ते जाळ्यात ओढणे तर परवाना असूनही निषिद्ध आहे. तरीही अशा नौका येतात, आणि त्यांच्यामागे पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात काय उरते हे मालवणपासून डहाणूपर्यंत कोणीही सांगेल.

बांगडा, तारली, माकूल असे अनेक जीव उजेडाकडे ओढले जातात. काही थेट प्रकाशाकडे, तर काही दिव्याखाली जमलेल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, मागे. चांदण्या रात्री दिव्याचा प्रभाव कमी होतो, म्हणून ही मासेमारी मुख्यतः अमावास्येच्या आसपासच्या काळोखात चालते. नेमक्या त्याच रात्री ती अवकाशातून सर्वांत स्पष्ट दिसते, कारण चंद्रप्रकाशाने उजळलेल्या ढगांचा अडथळा तेव्हा नसतो.

ऑक्टोबर 2011 मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहावर व्हीआयआयआरएस नावाचे उपकरण आहे. ते मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या सुमारास, सुमारे 3,000 किलोमीटर रुंदीचा पट्टा न्याहाळते आणि अगदी क्षीण प्रकाशही टिपते. त्याच्या प्रतिमेतील एक ठिपका सुमारे 750 मीटरचा असल्यामुळे नौकेचा आकार दिसत नाही, परंतु काळ्या समुद्रावरील एकाकी तेजस्वी ठिपका संगणकाला सहज वेगळा काढता येतो. दिवे मालवलेल्या नौकांसाठी रडार उपग्रह उपयोगी पडतात, कारण त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात. मात्र धातूच्या मोठ्या जहाजावरून त्या जितक्या जोराने परततात, तितक्या कोकणातील लाकडी किंवा फायबरच्या लहान नौकांवरून परतत नाहीत.

नौकेची ओळख पटवण्याचे काम एआयएस किंवा ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारा संच, करतो, परंतु तो नौकेवर बसवलेला आणि चालू असला तरच. जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातील सुमारे तीन-चतुर्थांश औद्योगिक मासेमारी नौका सार्वजनिक निरीक्षण प्रणालीत दिसतच नव्हत्या.

कारवाईतील खरी अडचण माझ्या मते इथेच आहे. उपग्रह ठिकाण आणि वेळ सांगतो, पण नौका कोणाची, तिच्याकडे परवाना आहे का आणि जाळे पाण्यात होते का, हे तो सांगत नाही. ते सिद्ध करण्यासाठी गस्ती नौकेला तिथवर जावे लागते, आणि दूरवर तिची चाहूल लागताच दिवे विझवता येतात. राज्याने 2025 च्या आरंभी किनाऱ्यावर ड्रोन तैनात केले ते या दृष्टीने योग्यच आहे, कारण ड्रोन गस्ती नौकेच्या आधी पोहोचून नौकेचे चित्रण करू शकतो. उपग्रहाच्या महिनोन्‌महिन्यांच्या नोंदींवरून अमावास्येच्या रात्री कोणत्या पट्ट्यात दिवे वारंवार दिसतात याचा नकाशा आधी तयार केला, तर मोजक्या गस्ती नौका आणि ड्रोन त्या रात्री नेमके कुठे पाठवायचे हे ठरवता येईल.