ब्रेक उघडलेच आहेत, तर बेअरिंगही बघा

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, तेव्हा अकोट्याला राहणाऱ्या आमच्या मामांची गाडी दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, इंजिन ऑइल बदललं, गाडी सुरू झाली आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडला. दिवाळीच्या सुमारास ब्रेक दाबला की पुढून करकर ऐकू येऊ लागली. पॅड संपले होते.

गाडी जुनी. पुढची ब्रेकची डिस्क थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर, बोल्टनं बसवलेली, त्यामुळे डिस्क टर्निंगला (लेथवर घासून सपाट करायला) द्यायची तर अख्खा हब उतरवावा लागतो. प्रतापनगरच्या मिस्त्रींनी हब ओढला आणि आतलं बेअरिंग, म्हणजे ज्यावर चाक फिरतं ते रोलरांचं कडं, माझ्या हातावर ठेवलं. ग्रीस ताकासारखं पांढरट झालं होतं. डिझेलमध्ये बेअरिंग धुऊन पुसलं, तर आतल्या रेसवर, म्हणजे रोलर ज्यावरून फिरतात त्या पोलादी कड्यावर, बारीक काळपट रेघा दिसल्या. दोन रेघांमधलं अंतर मोजलं, ते बरोबर दोन रोलरांमधल्या अंतराएवढं. गाडी उभी असताना प्रत्येक रोलर जिथे रेसला टेकला होता, त्या चिंचोळ्या फटीत पाणी धरून राहिलं आणि तिथेच गंज चढला.

“पण सील तर होतं ना रे?” मामांनी विचारलं.

होतं, मामा. पण त्या संध्याकाळी तुम्ही गर्दीतून ब्रेक मारत मारत आलात आणि तापलेली चाकं तशीच पाण्यात घातलीत. हबमधली हवा 80 अंशांवरून 30 अंशांवर आली की जवळजवळ सातव्या हिश्श्यानं आकसते. आत दाब कमी होतो आणि सीलच्या, म्हणजे हबचं तोंड बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठाखालून बाहेरचं पाणी ओढलं जातं. त्यात सील जुनं, रबर कडक झालेलं.

बेअरिंगला ही उष्णता मिळते ब्रेककडून. माणसांसह हजार किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे 139 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी चहाच्या उकळीला येईल. हे एकदा थांबण्याचं झालं. शहरात आपण दिवसातून किती वेळा थांबतो! त्यातली बरीच उष्णता हवेत जाते, काही डिस्कमधून हबमध्ये आणि तिथून ग्रीसमध्ये उतरते.

ग्रीस म्हणजे साबणाच्या धाग्यांच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. स्पंज पाणी धरतो तशी ही जाळी तेल धरते आणि गरजेपुरतं सोडते. खरं काम ते तेल करतं. रोलर आणि रेस यांच्यामध्ये तेलाचा जो पडदा असतो, त्याची जाडी बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्याही आत असते. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. एवढ्याशा पडद्यावर हवेच्या दाबाच्या दहा हजार पट दाब येतो, तरी तो फाटत नाही, कारण त्या दाबाखाली तेल क्षणभर घट्ट होऊन जवळजवळ घनासारखं वागतं. हे मला आजही विलक्षण वाटतं. छोट्या मोटारीचं चाक किलोमीटरमागे सहाशेच्या आसपास फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात हा पडदा नव्यानं बनावा लागतो. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की तो नीट बनत नाही आणि पोलाद पोलादाला घासतं.

मामांच्या गाडीतलं बेअरिंग टेपर, म्हणजे निमुळत्या, रोलरचं होतं. ही रचना अमेरिकेतल्या सेंट लुईसचे घोडागाडी बनवणारे हेन्री टिमकेन यांची. 1898 चं पेटंट. वळताना गाडीचं वजन चाकाला आडवं रेटतं. निमुळते रोलर वरचा भार आणि हा आडवा रेटा, दोन्ही एकाच वेळी पेलतात. शिवाय अशी बेअरिंगं उघडता, धुता, पुन्हा भरता येतात.

रेघा उमटलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही. कोन (रोलरांसह आतलं कडं) आणि कप (बाहेरचं कडं) दोन्ही जोडीनं बदलायचे. जुन्या कपावर नवा कोन कधीच नाही. नवं बेअरिंग भरताना मिस्त्रींनी डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबत राहिले. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग वरच्या अरुंद बाजूनं, रोलरांच्या मधून, ग्रीसचे बारीक मणी वर आले. मणी आले की बेअरिंग थोडं फिरवायचं आणि पुन्हा दाबायचं, पूर्ण फेरी होईपर्यंत. वरून बोटानं लेप दिला तर आत हवाच राहते. हबची पोकळी मात्र ठासून भरू नये. जादा ग्रीस घुसळून तापतं, सीलबाहेर येतं आणि डिस्कवर उडतं. मग नवे पॅडही वाया. जुनं ग्रीस पूर्ण काढून चाकाच्या बेअरिंगसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीसच भरावं. दोन जातींची ग्रीसं मिसळली तर जाळी मोडून तेल गळून जाऊ शकतं. सील आणि कॉटर पिन (नट फिरू न देणारी दुमडती पिन) दर वेळी नवी. या दोन वस्तूंवर पैसे वाचवणं मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात नाजूक काम बेअरिंग जागेवर धरणाऱ्या नटाचं. चाक हातानं फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सैल करायचा आणि बोटांनी लागेल तेवढाच पुन्हा घट्ट करायचा. मिलिमीटरच्या काही शतांश इतकी मोकळीक उरली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मोकळीक नसेल तर बेअरिंग तापून जळतं. फार असेल तर चाकाबरोबर डिस्क डुलते, पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं. असं झालं की लोक ब्रेकमधली हवा काढत बसतात आणि दोष राहतो बेअरिंगमध्येच.

आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग बंद असतं, ग्रीस भरायची सोय नसते. तरी ब्रेकचं काम निघालं की चाक वरखाली धरून हलवून पाहावं. खडखड वाटली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर संशय बेअरिंगवर, तसंच राहिलं तर बॉल जॉइंटवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या गोल सांध्यावर. चालताना वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना चढत असेल, तर उजवं चाक तपासा, कारण तेव्हा भार उजवीकडे जातो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांतल्या काही बेअरिंगांच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते. त्यांच्याजवळ चुंबकी अवजार नेऊ नये, बसवताना बाजू उलटी करू नये, आणि हातोडा तर कोणत्याच बेअरिंगवर नको.

संध्याकाळी मामांबरोबर पंधरा किलोमीटरची चक्कर मारून आलो. मामांनी खाली वाकून आधी डाव्या, मग उजव्या हबजवळ हात नेला. एक बाजू जास्त तापली असती तर तो नट पुन्हा उघडावा लागला असता. दोन्ही सारखेच कोमट होते.