कोरड्या घाटात फोर बाय फोर टाकल्याने पकड वाढते का?

पुण्यात जुनी जीप घेतली की हा सल्ला हमखास मिळतो: "ताम्हिणी उतरताना फोर बाय फोर टाकून ठेव, गाडी रस्त्याला चिकटून राहते." फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणं. रस्ता कोरडा डांबरी असेल, तर हे चूक आहे आणि गाडीच्या जिवावर बेतणारं आहे.

महिंद्रा सीजे ३४० किंवा एमएम ५४० मध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये मधलं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही धुऱ्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. फोर बाय फोरची लिव्हर टाकली की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (धुऱ्यांकडे ताकद नेणारे दांडे) एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात टायर किंचित घसरतो आणि हा फरक जिरतो. डांबरावर तो जिरत नाही. ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात), ट्रान्सफर केसच्या (दोन्ही शाफ्टना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी अडखळते आणि लिव्हर काढू म्हटलं तर जागची हलत नाही. अशा वेळी लिव्हरवर जोर लावू नका, गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या. ताण सुटला की लिव्हर निघते.

ब्रेक तर टू व्हील ड्राइव्हमध्येही (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना असताना) चारही चाकांना लागतात. उतारावर गाडी धरून ठेवायला खालचा गिअर आहेच.

मॉडिफिकेशन करणाऱ्यांनी हे तर लक्षात ठेवाच: बजेटपायी मागे दोनच नवे मोठे टायर टाकले, तर फोर बाय फोरमध्ये हाच ताण सरळ रस्त्यावरही येतो. पाचही टायर एकाच मापाचे घ्या, स्टेपनीसकट.