ऊन लागलं की बोलणारा ऑस्कर

आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्याही पाच महिने आधी, १५ नोव्हेंबर १९७४ला, अमेरिकेतल्या व्हॅन्डनबर्ग तळावरून एक हवामान उपग्रह निघाला. त्याच्याबरोबर जेमतेम २९ किलोंचा एक डबाही वर गेला. हा डबा कुठल्याही सरकारचा नव्हता. तो हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, नोकऱ्याधंदे सांभाळून बनवला होता. अमेरिकेतल्यांनी पुढाकार घेतला, त्यांना जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्यांनी हातभार लावला. त्याचं नाव ऑस्कर ७. आर्यभट्ट १९९२ साली वातावरणात शिरून जळून गेला. ऑस्कर मात्र सुमारे १४५० किलोमीटरवर आहे आणि तिथे हवा नावालाही नाही, त्यामुळे तो खाली पडायची चिंता आपल्या नातवंडांनीही करायला नको. दर ११५ मिनिटांना एक, अशा दोन लाखांहून जास्त प्रदक्षिणा त्याने घातल्या आहेत. आणि तो अजून बोलतो.

काय बोलतो, तर स्वतःच्या तब्येतीचे आकडे. यालाच टेलिमेट्री म्हणतात. उपग्रहावरचे सेन्सर तापमान, विजेचा दाब, सौरपट्ट्यांतून येणारा प्रवाह वगैरे मोजतात आणि ती मोजमापं रेडिओवरून जमिनीवर पाठवली जातात. हॅम मंडळींचा पहिला उपग्रह ऑस्कर १ हा डिसेंबर १९६१ मध्ये गेला, तेव्हा ही सोय अगदीच प्राथमिक होती. तो मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या लघु-दीर्घ ठोक्यांच्या लिपीत, एच आणि आय ही दोनच अक्षरं पुन्हा पुन्हा पाठवायचा, आणि आतलं तापमान बदललं की पाठवण्याचा वेग बदलायचा. ऐकणाऱ्याने घड्याळ लावून वेग मोजायचा की तापमान कळलं. इतकी काटकसर पुन्हा कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

ऑस्कर ७ त्या मानाने बोलका आहे. आधी ‘एचआय’, मग २४ आकडे: सहा ओळी, प्रत्येकीत चार. प्रत्येक आकडा तीन अंकी. पहिला अंक ओळीचा, उरलेले दोन मोजमापाचे. म्हणजे ‘३७६’ पहिल्यांदा ऐकू आलं तर तिसऱ्या ओळीतलं पहिलं मोजमाप ७६. हे बॅटरीच्या दाबाचं खातं. ७६ला ०.१ने गुणून ६.४ मिळवले की १४ व्होल्ट. त्याच ओळीतला चौथा आकडा बॅटरीच्या तापमानाचा. तिथे ९५.८ मधून आकड्याची १.४८ पट वजा करायची. ‘३५०’ आलं तर २१.८ अंश सेल्सियस. आकडा मोठा तितकी थंडी जास्त, हे सुरुवातीला गोंधळात टाकतं. सर्वांत धूर्त खातं अगदी शेवटचं आहे. तिथे उपग्रह मुद्दाम एक ठरलेला दाब मोजून दाखवतो आणि उत्तर ५०च्या आसपास यायला हवं. ‘६५०’च्या जवळपास काही ऐकू आलं नाही, तर आधीचे तेवीस आकडे कागदावर उतरवलेत तरी मनावर घेऊ नका.

इंदुरात हे आकडे कानांनी उतरवून घेणारे फार लोक नसतील. रामबागेतले आमच्या ओळखीचे एक काका घेतात. नोकरी तारखात्यात झाली, तरुणपणी ‘कडकट्ट’, म्हणजे तारयंत्रावरचा मोर्स, हातात बसलेलं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी रीतसर परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढला. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्यांच्या कानाला गिऱ्हाईक उरलं ते वरचंच. मी एकदा विचारलं, “काका, हे उतरवून घ्यायला सॉफ्टवेअर मिळतं ना?” म्हणाले, “मिळतं की. पण खरखर वाढली की ते काहीबाही छापायला लागतं. कानाला खरखरीतलंही निवडता येतं.” यात हट्ट थोडा असेल, पण तथ्य आहे. लाटेसारखा चढता-उतरता क्षीण मोर्स सरावलेला कान अनेकदा यंत्रापेक्षा बरा वाचतो.

आता या उपग्रहाची खरी गंमत. १९८१च्या मध्याला तो मेला होता. त्याच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या निकामी झाल्या आणि उपग्रह गप्प पडला. या जातीच्या सेलमध्ये वर्षानुवर्षांच्या वापराने कॅडमियमचे बारीक कोंब फुटतात. ते मधला पडदा भेदून पलीकडे पोचले की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. सौरपट्ट्या वीज बनवत राहिल्या, पण ती सगळी त्या शॉर्टमध्ये जिरायची आणि ट्रान्समीटरपर्यंत काही पोचायचं नाही. हॅम मंडळींनी त्याला श्रद्धांजली वाहिली, नवे उपग्रह सोडले आणि विषय मिटला.

२१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या एका जुन्या हॅमला १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास संथ, जुन्या वळणाचा मोर्स ऐकू आला. आकड्यांचा तो साचा ओळखीचा होता. शोध घेतल्यावर कळलं, एकवीस वर्षांपूर्वी गेलेला ऑस्कर ७!

झालं असावं ते असं. सेल एकामागे एक जोडलेले होते, दिवाळीच्या लाइटच्या माळेसारखे. माळेतला एक दिवा उडाला की वाट तुटते आणि सगळी माळ विझते. शॉर्ट झालेल्या बॅटरीत कुठेतरी तशीच वाट तुटली. आधीच्या बिघाडावर दुसरा बिघाड झाला आणि बॅटरी सर्किटमधून बाहेर पडली. मग पट्ट्यांची वीज सरळ ट्रान्समीटरकडे वाहू लागली. वर जाऊन कुणी बघितलेलं नाही, त्यामुळे हा तर्कच, पण उपग्रहाची तेव्हापासूनची वागणूक त्याला धरून आहे. तो उन्हात असतो तेव्हाच बोलतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद. तरीही बॅटरीच्या तापमानाचं खातं इतर खात्यांबरोबर वाचून दाखवायचं तो विसरत नाही, ही सरकारी कचेरीत शोभावी अशी इमानदारी.

पण वीज परत आली म्हणून यंत्र चालू होईलच असं नाही. आजच्या उपग्रहात कॉम्प्युटर असतो, त्याची मेमरी असते, आणि वीज मध्येच गेली तर त्याला पुन्हा ताळ्यावर आणायला जमिनीवरून खटपट करावी लागू शकते. ऑस्कर ७मध्ये कॉम्प्युटरच नाही. साध्या लॉजिक सर्किटांवर आणि एका टायमरवर त्याचा संसार चालतो. प्रत्येक सूर्योदयाला त्याचा पहिलाच दिवस असतो. कालचं काही आठवत नाही, त्यामुळे कालचं काही बिघडवतही नाही. मला विचाराल तर बॅटरीच्या नशिबापेक्षा हा अडाणीपणाच त्याला जास्त तारून गेला.

सावलीचा हिशोब ऐकणाऱ्यालाही ठेवावा लागतो. या उंचीवर एका फेरीत सावली जास्तीत जास्त पस्तीसेक मिनिटांची असते. कक्षेचं प्रतल सूर्याच्या तुलनेत हळूहळू सरकत राहतं, त्यामुळे काही महिने असे येतात की उपग्रह सावलीत शिरतच नाही. तेव्हा वीज अखंड असते, टायमर शांतपणे चालतो आणि दर चोवीस तासांनी उपग्रह एका मोडमधून दुसऱ्यात जातो. एकात तो १४५ मेगाहर्ट्झवर परत बोलतो, दुसऱ्यात २९वर. सावलीच्या हंगामात मात्र दर जागेपणी कुठल्या मोडमध्ये असेल याची खात्री नाही. त्या हंगामात एक मजा मिळते: उपग्रह तुमच्या आकाशात आलेला असतो, गणिताप्रमाणे अँटेना बरोबर दिशेला असतो, आणि नुसती खरखर. मग कुठल्यातरी सेकंदाला बीकन, म्हणजे उपग्रहाचा तो मोर्सचा सूर, सुरू होतो. तिथे वर, आपल्याला न दिसणारा, सूर्योदय झालेला असतो, आणि तो तुम्ही सेकंदासकट वहीत टिपू शकता.

सामग्री फार लागत नाही. पीव्हीसीच्या पाइपवर स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे लावून केलेला यागी अँटेना हातात धरून चालतो. मात्र साधा वॉकीटॉकी इथे उपयोगाचा नाही. तो एफएमचा असतो आणि मोर्सची नुसती चालू-बंद होणारी रेडिओलहर त्याला सूर म्हणून ऐकू येत नाही. साइडबँड, म्हणजे अशा लहरीचा सूर करून ऐकवणारी पद्धत, असलेला रिसीव्हर हवा. उपग्रह डोक्यावरून गेला तर बावीसेक मिनिटं मिळतात, त्यात डॉपलरमुळे, म्हणजे उपग्रह जवळ येण्या-लांब जाण्यामुळे, वारंवारता सतत सरकते. १४५ मेगाहर्ट्झवर ती येताना जास्तीत जास्त पावणेतीन किलोहर्ट्झ वर, जाताना तितकीच खाली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हा सरकता सूर वळणदार रेघ काढतो आणि ती रेघ दिसली की खात्री पटते, हा शेजारच्या घरातला आवाज नाही. ही खात्री इंदुरात लागतेच. एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, इन्व्हर्टर, चार्जर, सगळे मिळून त्याच पट्ट्यात भुणभुणत असतात, आणि बीकनची शक्ती एका वॅटहूनही कमी. (उपग्रह कधी, कुठून उगवणार हे कक्षेच्या आकड्यांवरून आधी काढता येतं. शेजारी उज्जैनच्या वेधशाळेतून ग्रहांचं वार्षिक पंचांग निघतं, तेच काम. फक्त हा ग्रह दिवसात अनेकदा उगवतो आणि त्याचे आकडे दर काही दिवसांनी नवे घ्यावे लागतात.)

आपल्या इस्रोनेही हॅम मंडळींसाठी एक उपग्रह सोडला होता. हॅमसॅट, ५ मे २००५, श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१च्या जोडीने. दोन वर्षं चालावा अशी अपेक्षा होती, तो नऊ वर्षं चालला. २०१४च्या जुलैत लिथियम-आयनच्या बॅटऱ्या गेल्या आणि तो संपला. इंदूरच्या गच्च्यांवरून ज्यांनी त्याच्याशी गप्पा मारल्या, त्यांना तो अजून आठवतो.

ऑस्कर ७वरून गप्पाही मारता येतात, अर्थात परवाना असेल तर. ४३२ मेगाहर्ट्झवर पाठवलेला आवाज तो १४५वर परत टाकतो, आणि त्याच्या छायेत एका वेळी सुमारे आठ हजार किलोमीटर रुंदीचा प्रदेश येतो. इथे बॅटरी नसल्याची खरी झळ लागते. कुणी खालून जास्त शक्तीने ओरडलं की ट्रान्समीटर जास्त वीज ओढतो, आणि मागे साठा नसल्यामुळे दाब लगेच कोसळतो. मग बीकनसकट सगळ्यांचेच सूर शब्दागणिक खालीवर लहरू लागतात. आणखी ताणलं तर सगळं बंद पडून पुन्हा सुरू होतं, कदाचित दुसऱ्याच मोडमध्ये, आणि उपग्रहाची ती फेरी उरलेला वेळ वाया जाते. म्हणून जाणकार हॅम चांगल्या अँटेनावर मोजक्या वॅटांत काम भागवतात. सूर लहरायला लागला, की आधी स्वतःची पॉवर कमी करून बघतात. दुसऱ्याला शिव्या त्यानंतर.