पंख्याविना कॉम्प्युटर: १७ सेंटिमीटरच्या बोर्डामागची गोष्ट

आज पंखा नसलेला छोटा कॉम्प्युटर स्वतः जुळवायला घेतला, तर मदरबोर्ड बहुतेक वेळा १७० बाय १७० मिलिमीटरचा, म्हणजे मिनी-आयटीएक्स असतो. हे माप २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने आणलं, आणि माझ्या मते त्यात दूरदृष्टीइतकाच अडचणीचाही वाटा होता.

व्हीआयएचा मूळ धंदा चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला मेमरी आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांचा. १९९९ मध्ये तिने सायरिक्स आणि टेक्सासमधली सेंटॉर अशा दोन प्रोसेसरवाल्या घेऊन टाकल्या. सेंटॉरच्या मंडळींनी आखलेला सी३ प्रोसेसर वेगात पेंटियमच्या आसपासही फिरकत नव्हता, मात्र वीज बेताची खायचा आणि फारसा तापायचा नाही. त्यातच २००१ साली पेंटियम ४ च्या चिपसेटवरून इंटेलने व्हीआयएला कोर्टात खेचलं. स्वतःचा मंद प्रोसेसर स्वतःच्याच बोर्डावर डकवून विकणं हा मार्ग तेव्हा तिला खुला होता.

तो बोर्ड म्हणजे २००२ चा एपिया. प्रोसेसर बोर्डालाच झाळलेला, जादा कार्ड खोचायला एकच पीसीआय स्लॉट, आणि ५३३ मेगाहर्ट्झच्या मॉडेलवर पंखा नाहीच, नुसती हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा. स्क्रूची चार भोकं मात्र नेहमीच्या एटीएक्स मापाच्या कॅबिनेटशी जुळणारी ठेवली होती. माप टिकलं ते बऱ्याच अंशी या भोकांमुळे, असं मला वाटतं: वेगळं कॅबिनेट मिळेपर्यंत कुणाचं अडलं नाही. हौशी लोकांनी तर जुन्या रेडिओत आणि सिगारच्या पेटीतही हे बोर्ड बसवले.

पंख्याशिवायचा कॉम्प्युटर काही तेव्हा नवा नव्हता. ॲपलचा जी४ क्यूब २००० मध्येच आला होता. खालून थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर. देखणा, महाग, आणि वर्षभरात बंद.

एपियाची दमछाक व्हायची ती डीव्हीडी बघताना. म्हणून पुढच्या मॉडेलांत एमपीईजी-२, म्हणजे डीव्हीडीवरचा दाबून साठवलेला व्हिडिओ, उलगडण्याचं काम चिपसेटकडे दिलं, आणि टीव्हीखाली ठेवायचा कॉम्प्युटर शक्य झाला. तरी आवाज उरलाच, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याचा आणि हार्ड डिस्कचा. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं, त्यामुळे लहान कॅबिनेट कधीकधी मोठ्यापेक्षा जास्त कटकट करायचं. पिकोपीएसयू नावाच्या चिमुकल्या वीजपुरवठ्याने यातला अर्धा प्रश्न सोडवला: बाहेर लॅपटॉपसारखा १२ व्होल्टचा अडॅप्टर, आत पॉवर कनेक्टरवरच बसणारी बोटभर पट्टी. उरलेला अर्धा, फिरता भागच नसलेल्या एसएसडीने.

इंटेल तोवर उलट्या दिशेने धावत होती. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ ची मजल ११५ वॅटपर्यंत गेली, आणि त्याचा वारस तेजस त्याच वर्षी गुंडाळावा लागला. २००८ मध्ये ॲटम आला, अवघ्या ४ वॅटचा, आणि इंटेलने तो बसवला मिनी-आयटीएक्स बोर्डावर! गंमत अशी की त्या बोर्डावर पंखा होता तो चिपसेटवर. जुना ९४५जीसी चिपसेट २२ वॅट ओढत होता, प्रोसेसरच्या पाचपट.

पुढे बरंचसं चिपसेटचं काम प्रोसेसरच्या पोटातच गेलं आणि कॅबिनेट हीच हीटसिंक झाली: तांब्याच्या हीटपाइपने उष्णता ॲल्युमिनियमच्या पन्हाळीदार भिंतींपर्यंत न्यायची. अशा भिंती खोलीच्या हवेवर जगतात. २२ अंशांच्या खोलीत निवांत चालणारं कॅबिनेट अकोल्याच्या मे महिन्यात, ४४ अंशांत, तेवढंच निवांत राहील अशी आशा धरू नये. फार तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. इंटेलच्या ६ वॅटच्या एन१०० सारख्या प्रोसेसर चिपा निवडण्याचं आपल्याकडचं खरं कारण हेच असायला हवं.

व्हीआयएने नंतर १२ सेंटिमीटरचा नॅनो-आयटीएक्स आणि १० बाय ७.२ सेंटिमीटरचा पिको-आयटीएक्सही आणला. ते मुख्यतः औद्योगिक यंत्रांत राहिले. मिनी-आयटीएक्स सगळ्यांनीच उचलला. सेंटॉरच्या काही इंजिनिअरांना आपल्याकडे घेण्यासाठी २०२१ मध्ये व्हीआयएला १२.५ कोटी डॉलर मोजले गेले. मोजणारी कंपनी इंटेल.