विद्यापीठाशी वाद: मागणीपत्रापासून समेटाच्या करारापर्यंत

मागणीपत्र लिहायला बसण्याआधी कर्मचारी संघटनेच्या बैठकीत एकच प्रश्न धसास लावा: ही मागणी मान्य करणं कुणाच्या हातात आहे? रखडलेली ज्येष्ठता यादी, गणवेश, जादा कामाचं बिल हे कुलसचिवांच्या पातळीवर सुटतं. आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) किंवा वेतन आयोगाची थकबाकी मात्र शासनाच्या तिजोरीतून यायची असते. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, ते अशाच मागण्यांसाठी. दोन्ही प्रकार एकाच कागदावर आले की कुलगुरू शासनाकडे बोट दाखवतात आणि सुटण्यासारखी कामंही अडकून पडतात. म्हणून मागणीपत्रं दोन करा.

समेट म्हणजे शासनाच्या समेट अधिकाऱ्यासमोर तोडग्यासाठी होणारी बोलणी. त्यासाठी वाद कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'चा असावा लागतो. लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, वाहनचालक त्यात बसतात. प्राध्यापक बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं आहे. विद्यापीठ हा उद्योगच नाही, म्हणून हा कायदा लागू नाही, असा आक्षेप प्रशासन घेईल हे धरून चाला. 1978 च्या बंगलोर पाणीपुरवठा निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना उद्योग मानलं होतं, पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतली उद्योगाची व्याख्या थोडी वेगळी आहे. उत्तर आधीच लिहून ठेवा.

बडतर्फी किंवा पदावनतीचा आदेश मिळालेल्या कर्मचाऱ्याची वाट वेगळी आहे. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली त्याने आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करावं. संघटनेच्या बैठकीची वाट पाहत हे दिवस घालवू नका. संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांना हा कायदा लागू आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ 1983 च्या स्वतंत्र कायद्याखाली येतं.

समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करताना संघटनेचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, सदस्यांची यादी, मागणीपत्र आणि आजवरचा पत्रव्यवहार जोडा. मागणीनुसार नियुक्ती आदेश, सेवापुस्तकाच्या प्रती, वेतनचिठ्ठ्या, संबंधित शासन निर्णयही लावा. कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात ठेकेदाराचा करारनामा लागतो. तो माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागता येतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी विद्यापीठावर येते, म्हणून हजेरीपटाची छायाप्रतही जपा.

आणि पोच. आमच्या एका मागणीपत्राची प्रत आवक कक्षात ठेवून आम्ही निघून आलो होतो. तीन महिन्यांनी सुनावणीत समोरचे म्हणाले, असं पत्र आलंच नाही. तेव्हापासून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही पडेपर्यंत मी खिडकी सोडत नाही. कारकून जेवायला गेला असेल तर मी तिथेच थांबतो.

समेट अधिकाऱ्याने 45 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. संपाची नोटीस दिलेली असेल तर 14 दिवसांत. समेटात वकील चालत नाही, पदाधिकाऱ्यांनीच बोलायचं. बोलणी चालू असताना प्रशासनाला वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या नुकसानीच्या बाजूने बदलता येत नाहीत. संपाची नोटीस किमान 14 दिवस आधी द्यावी लागते, आणि समेट चालू असताना व नंतरचे 7 दिवस संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तरी संहितेनुसार तो संपच, त्यामुळे सामूहिक रजेचा निर्णय हलकेपणाने घेऊ नका. समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

तडजोड झाली तर ती कुठे झाली, याला फार महत्त्व आहे. कुलगुरूंच्या दालनात परस्पर केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच बांधील राहतो. समेट अधिकाऱ्यासमोरचा करार सगळ्या कामगारांना लागू होतो: संघटनेत नसलेल्यांना आणि उद्या रुजू होणाऱ्यांनाही. दालनात सगळं जुळलं असलं तरी सह्या समेट अधिकाऱ्यासमोरच करा, प्रत्येक मुद्द्यापुढे अंमलबजावणीची तारीख घाला आणि शिक्क्याची एक प्रत संघटनेच्या कपाटात ठेवा.