किरकोळ दुरुस्तीची कामं: आम्हाला बोलावण्याआधी एवढं वाचा

नळ गळतो, पंखा खरखरतो, दार घासतं, पडद्याचा रॉड लावायचाय, फ्लशची टाकी भरतच राहते. अशी घरातली सगळी फुटकळ कामं आम्ही घेतो, हे नेहमीच्या ग्राहकांना ठाऊक आहे. तरी फोनवर रोज तेच दोन प्रश्न येतात: "अंदाजे किती होतील?" आणि "आज याल ना?" दोन्हींची उत्तरं तुम्ही काम कसं सांगता यावर अवलंबून असतात.

"नळ गळतोय" एवढ्यावर आम्हाला फारसं कळत नाही. जुन्या, बरेच आटे फिरवायच्या नळाला वायसर बदलला की काम होतं. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिकच्या चकत्यांचा स्पिंडल असतो आणि तो कंपनीगणिक वेगळा. तो जवळच्या दुकानात मिळाला तर ठीक, नाहीतर थेट पुण्यातल्या रविवार पेठेतला हार्डवेअरचा बाजार. पंख्याचंही तसंच. हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. घरगुती पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, तो आमच्या पिशवीत असतोच. खरखर येत असेल तर बेअरिंग, म्हणजे पंखा उतरवणं आलं. दोन्ही कामांना "पंखा बघायचाय" म्हटलं जातं. वेळ आणि पैसे मात्र अगदी वेगळे.

आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो एका वाक्यामुळे: "आलाच आहात तर जरा हेही बघा." सांगण्यात काही वाईट नाही, एकाच फेरीत चार कामं झालेली आम्हालाही हवी असतात. पण माणूस नळासाठी आलेला असतो, त्याच्याजवळ ड्रिल नसतं, शिडी नसते. धायरीहून परत दुकानात येऊन पुन्हा धायरीला जायचं म्हणजे सिंहगड रस्त्यावरच अर्धा दिवस संपतो आणि कोथरूडमध्ये वेळ दिलेल्या आजी दार उघडून वाट बघत बसतात. म्हणून विनंती अशी की फोन करण्याआधी वही घेऊन घरभर एक चक्कर मारा. बाथरूम, बाल्कनी, स्वयंपाकघरातलं सिंकखालचं कपाट, सगळीकडे. जे जे अडतंय ते लिहा, प्रत्येकाचे दोन फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून, आणि सगळं एकदम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मग बहुतेक कामांचा भाव आम्ही तिथेच सांगतो.

भिंतीला काही लावायचं असेल तर इमारत कधीची आहे तेही कळवा. पेठांतल्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत साधा स्क्रू टिकत नाही, विटेच्या भिंतीला नेहमीचा प्लग चालतो. नव्या इमारतींत हलके सिपोरेक्सचे ब्लॉक असतात. त्यात वजनदार कपाट साध्या प्लगवर टांगलं तर काही महिन्यांनी ढिलं होतं, लांब अँकरच लागतो. आणि बऱ्याच उंच टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे घरगुती ड्रिल जागचं हलत नाही, हॅमर मशीन आणावं लागतं. एकाच मापाचं भोक कुठे पाच मिनिटांत होतं, कुठे अर्ध्या तासात. भोकाचा भाव घरोघरी वेगळा का, हे आम्हाला सारखं विचारलं जातं. त्याचं कारण हे आहे.

पावसाळ्यात दार घासायला लागलं की "रंधा मारून द्या" असे फोन सुरू होतात. जुलैत आम्ही शक्यतो रंधा मारत नाही. लाकूड ओल धरून फुगलेलं असतं. आत्ता तासलं तर दिवाळीनंतर तेच दार आखडतं आणि फट पडते. तोवर बिजागऱ्या आवळून, कडेला मेण लावून भागतं. त्याचे पैसे कमी होतात, पण दार तुमचं आहे.

गीझर ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडून द्या म्हणाल तर आम्ही नाही म्हणू, कितीही घाई असली तरी. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, सॉकेट वितळतं. गॅसच्या पाइपला आणि मीटरच्या सीलला आम्ही हात लावत नाही.

सामान तुम्ही आणलेलं असेल तरी बसवून देऊ. फक्त विकत घेण्याआधी फोटो दाखवा, कारण अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाचा नळ ऑनलाइन मागवलेला आम्ही वरचेवर बघतो. आम्ही आणलं तर दुकानाचं बिल तुमच्या हातात देतो, त्यावर काही चढवत नाही. बसवण्याची जबाबदारी दोन्हीकडे आमचीच.

फक्त बघायला येण्याचे पैसे आम्ही घेतो, यावर काही जण नाराज होतात. नेमका दोष शोधणं हेच पुष्कळदा निम्मं काम असतं, आणि त्यासाठी येणाऱ्या माणसाचा रोजगार बुडता कामा नये. काम आम्हाला दिलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते.

वेळ ठरवताना सोसायटीत दुपारी ड्रिल चालतं का ते विचारून ठेवा आणि गेटवर आमच्या माणसाचं नाव आधी सांगा. महापालिकेने गुरुवारी पाणी बंद ठेवल्याचं जाहीर केलं असेल तर नळाचं काम त्या दिवशी नको, जोडणी झाल्यावर पाणी सोडून गळती तपासता येत नाही. यादी आणि फोटो आदल्या संध्याकाळी आले, तर सकाळी निघतानाच सगळं सामान पिशवीत भरून आमचा माणूस तुमच्याकडे येईल.