काटा मधोमध, तरीही वाफ

मे महिन्यात देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. गाडी जुनी, फोंडाघाटाचा चढ, म्हणून इंजिनावर ताण नको असं म्हणत एसी बंद केला. वर एका बंद पडलेल्या ट्रकमागे सगळ्या गाड्या खोळंबल्या होत्या. दहाएक मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा पाहिला, तर स्वारी नेहमीच्या जागी, मधोमध. इंजिनातलं गरम पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याचा आवाज मात्र नव्हता.

इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि गाडी हळूहळू खाली गावात आणली. मेकॅनिकने पंख्याला हातही लावला नाही. इंजिनाच्या कडेच्या, पाण्याचं तापमान सांगणाऱ्या एका पितळी सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, ओढून काढला, आतली हिरवी पडलेली पिन दाखवली आणि म्हणाला, "पंखो बरो आसा. पंख्याक सांगणारो खोटा बोलता."

सेन्सर खोटं कसं बोलतो? त्यासाठी त्याला खरं काय कळतं ते पाहावं लागेल. त्याच्या आत थर्मिस्टर नावाचा छोटा अर्धवाहक तुकडा असतो. तो तापला की विजेला होणारा त्याचा अडथळा, म्हणजे रोध, कमी होतो. हा रोध ओहममध्ये मोजतात. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात हा रोध २० अंश सेल्सिअसला २५०० ओहम, ८० अंशांना ३२३, तर १०० अंशांना १८६ च्या आसपास असतो. गाडीच्या संगणकाला तापमान कळतच नाही, कळतो तो फक्त रोध. त्यावरून तो तापमान ताडतो आणि साधारण पंच्याण्णवच्या पुढेमागे पंखा सुरू करतो.

आता त्या हिरव्या पिनेकडे या. खाडीलगतच्या अंगणात वर्षभर उभ्या असलेल्या गाडीवर खारा वारा आणि दमटपणा काम करतच असतो. गंजलेल्या जोडाचा रोध १३७ ओहम झाला असं धरा. पाणी १०० अंशांवर असताना सेन्सरचे १८६ आणि गंजाचे १३७ मिळून ३२३ होतात. संगणकाच्या लेखी तापमान ८०! पाणी १२० अंशांना पोचलं, तरी हिशेब नव्वदीच्या आतच येतो. पंखा सुरू व्हायची वेळ येतच नाही. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांत काटाही हाच संगणक हलवतो, आणि चालकाला उगाच घोर नको म्हणून मोठ्या टप्प्यात त्याला मधोमधच ठेवतो. चालक निर्धास्त, संगणक निर्धास्त, आणि पाणी उकळतंय.

यातली गंमत अशी, की वायर पूर्ण तुटली असती तर बरं झालं असतं. तेव्हा रोध अफाट होतो आणि संगणकाला उणे ४० अंशांसारखा आकडा दिसतो. कोकणात उणे ४०? काहीतरी बिघडलंय हे ओळखून बरेच संगणक पंखा सतत फिरवत ठेवतात. अर्धवट गंजलेला जोड मात्र पटण्याजोगं खोटं बोलतो. ऐंशी हा आकडा कोणालाच खटकत नाही.

संगणक येण्याआधीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. ॲम्बॅसेडरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, त्यामुळे इंजिन चालू तर पंखा चालू. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं. त्यामुळे पट्ट्याची बाजू कडेला गेली, रेडिएटरसमोर पट्ट्याचा पंखा बसवता येईना, म्हणून विजेचा पंखा आला. अशा गाड्यांत त्याला चालू-बंद करायचा तो थर्मोस्विच. त्यात दोन धातूंची चकती तापून वाकते आणि खटका जोडते. खटका तुटतो तो मात्र पाच-सहा अंश खाली आल्यावर. नाहीतर पंखा क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहिला असता. इथे वायर तुटली की पंखा कायमचा बंद. तपासणी मात्र सोपी: कपलर काढून दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची. पंखा फिरला तर स्विच गेला. संगणकाच्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

काटा गार दाखवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक घातक. पाणी गळून पातळी खाली गेली की सेन्सर उघडा पडतो. हवा त्याच्यापर्यंत उष्णता नीट पोचवत नाही. मग इंजिन भाजत असताना काटा चक्क खाली येतो.

"कोकणातल्या दमट हवेत गाडी जास्त तापते" असंही ऐकू येतं. आपल्याला दमट हवा जाचते, कारण आपला घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. तो कोरड्या जाळीतून उष्णता हवेला देतो, दमटपणाने त्याचं फारसं बिघडत नाही. जाळीत बसलेली जांभ्याची लाल धूळ मात्र नक्की नडते. एसी चालू असेल तर गोष्ट थोडी वेगळी. दमट हवेतलं पाणी काढताना एसीला जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ती बाहेर टाकणारी एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, असते रेडिएटरच्या अगदी पुढ्यात.

वाफ दिसली की झाकण उघडायचा मोह आवरा. ते कुकरच्या शिटीसारखंच काम करतं. साधारण ०.९ बार दाब असेल, तर आतलं पाणी ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब पडतो आणि ते क्षणात उसळून अंगावर येतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाका किंवा पंखा डायरेक्ट करा, म्हणजे थेट बॅटरीला जोडा, असा सल्ला हमखास मिळतो. अडकलेल्या प्रवासात पंखा डायरेक्ट करणं चालेल. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन नीट तापत नाही, संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं.

आमच्या मेकॅनिकने पिन पॉलिश पेपरने घासली, नवा कपलर लावला, काम संपलं. पैसे घेताना त्याने एसी लावायला सांगितला. लावला, आणि पंखा लगेच गरगरला, कारण एसी चालू झाला की बहुतेक गाड्यांत पंखाही फिरतोच. म्हणजे घाटात मी एसी बंद केला नसता, तर पंखा फिरत राहिला असता, आणि तो गंज मला इतक्यात कळलाही नसता.